कोपराची परीक्षा

"मॅडम, विरजण ओतू का?" मुकादम तडवीकाकांनी इंजिनिअर ऊर्जिताला विचारलं.

उचललेल्या रुळांखालच्या डांबरी थरावर जिवाणूंचं हे विरजण ओतलं, की वर टाकलेला थर दोन तासांत घट्ट धरायचा. मात्र खालचा थर कोमटच हवा. तापलेला असला तर जिवाणू मरायचे, थर सुटे राहायचे आणि गाडीखाली रूळ खचायचे.

थराचं तापमान मोजणारं मशीन अडतीस अंश दाखवत होतं. तरी ऊर्जिताचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाचच्या गाडीनं तिची नऊ महिन्यांची शर्वाणी आजीसोबत येणार होती. ऊर्जिता वाकली आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं तिनं कोपर थराला टेकवलं.

"थांबा! चटका बसतोय."

"मशीन काय लबाड बोलतं का, मॅडम?"

"ते तुमच्या छत्रीच्या सावलीत ठेवलंय, काका. तेवढाच थर निवलाय."

काका ओशाळले. ओली गोणपाटं अंथरून थर निववला, मगच विरजण ओतून वरचा थर टाकला. दोन तासांनी पहारीनं उचकटूनही थर सुटेनात, तेव्हा रूळ परत बसवले.

पाचची गाडी त्यावरून जराही न हेलकावता गेली. एका खिडकीत इवलासा हात दिसला.

दुसऱ्या दिवशी ऊर्जिता पुढच्या टप्प्यावर पोहोचली, तेव्हा मशीन उन्हात होतं आणि तडवीकाका बाही सारून कोपर टेकवत होते.