एकशे बारा

"रक्तातलं सोडियम एकशे बारावर आलंय, सार. एकशे पस्तीसच्या वर हवं," डॉक्टरीणबाई तमिळमधून म्हणाल्या. "घरी ह्या मीठ किती खायच्या?"

बाळकृष्णराव तंजावरच्या शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायकोचं, नागलक्ष्मीचं, ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा लोणची, अप्पळम-पापड, मिठाची बरणी सगळं त्यांनीच घराबाहेर काढलं होतं.

"मीठ बंदच केलंय. मीच केलं."

"प्रेशरच्या गोळीनंही सोडियम उतरतं. त्यात मीठ अजिबात नाही, म्हणून भ्रम झालाय त्यांना."

"मग भराभर चढवा ना!"

"भराभर चढवलं तर मेंदूला इजा होते, सार. हळूहळूच द्यावं लागेल. दोन-तीन दिवस तरी."

बाळकृष्णरावांना सगळं समजत होतं आणि करता येण्यासारखं काहीच नव्हतं. खाटेशेजारी बसून ते सलाईनचे थेंब बघत राहिले.

दुपारी नागलक्ष्मीनं डोळे उघडले. त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ओळखीचं हसली. बाळकृष्णरावांना हायसं वाटलं.

"अण्णा, पापनाशमहून कधी आलास?" ती घरच्या मराठीत पुटपुटली.

तिच्या पापनाशमच्या भावाला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिनं बाळकृष्णरावांचा हात धरून जवळ ओढलं, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"हे बाहेर गेलेत तोवर माझ्या दहीभातात चिमूटभर मीठ घाल रे. त्यांना सांगू नकोस, रागावतात."