धुऱ्यावरचा बैल

“आता सांगा, या गोष्टीत बैल म्हणजे कोण?” अनंतराव मास्तरांनी विचारलं आणि माठातलं तांब्याभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

गोष्ट लहानशीच होती. दोघा भावांचा एक सामायिक बैल. भाऊ वेगळे झाले आणि बैल दोन शेतांच्या मधल्या धुऱ्यावर बांधला गेला. थोरल्याला वाटे, धाकट्यानं वैरण टाकली असेल. धाकट्याला वाटे, थोरल्यानं टाकली असेल. एवढं सांगून मास्तर थांबले होते.

सातवीच्या वर्गात आधी विनोदिनी उठणार, हे ठरलेलंच. ही मुलगी गोष्ट नुसती ऐकत नसे, शेंगेसारखी फोडून बघे. शिवाय आज तिची गरज मोठी होती. साल छप्पन; हैदराबाद स्टेट मोडून आदिलाबाद जिल्हा आंध्रात जायचा होता, आणि मास्तरांना इथं राहतो की मुंबई राज्यात जातो, ते लिहून द्यायचं होतं. मास्तर गेले की मराठी सातवी बंद. सातवी बंद झाली की विनोदिनीचं लग्न. तिच्या वडिलांनी, यशवंतरावांनी, तसं बोलूनच ठेवलं होतं.

मास्तरांना सरळ विचारण्यात अर्थ नव्हता. सरळ बोलणं त्यांना उघड्या अंगानं गावातून फिरल्यासारखं वाटे. माणूस एकटा, साधा चहा करता येत नव्हता, म्हणून गावानं त्यांच्या जेवणाचे वार घरोघरी लावून दिले होते. एका सोमवारी ते विनोदिनीच्या आईला म्हणाले, “वहिनी, आज वरणात पैनगंगा उतरली.” आपलं वरण पातळ म्हटलं गेलं, हे कौशल्याबाईंना कळायला संध्याकाळ झाली, आणि राग जायला पोळा उजाडला.

पुढं दसऱ्याला गावच फाटलं. वरली आळी म्हणे, अर्ज करू, नदीपलीकडं मराठी राज्यात जाऊ. खालची आळी म्हणे, आपला बाजार आदिलाबादचा, आपण इथंच बरे. आपट्याची पानंसुद्धा कुणी कुणाला दिली नाहीत. मास्तर कुणाच्या बाजूचे, हे दोन्ही आळ्यांनी विचारून पाहिलं. ते नुसते हसले. मग प्रत्येक आळीनं त्यांना दुसऱ्या आळीच्या खात्यात धरून टाकलं.

तेव्हापासून मास्तर बसूनच शिकवत. फळ्याकडं उठले तर हातातला खडू थरथरे. रूपक शोधायला त्यांनीच शिकवलेला वर्ग. त्यानं या खुणांचाही अर्थ लावून ठेवला होता. मास्तरांचं मन नदीपार गेलं.

विनोदिनी उभी राहिली. “बैल म्हंजे आपला मुलूख, मास्तर. दोन भाऊ म्हंजे दोन राज्यं. धुरा म्हंजे नवी हद्द.”

“बरं. आणखी?”

मागून चारुशीलानं हात वर केला. ही खालच्या आळीची, चंपतरावांची मुलगी. वाचनात अडखळायची. “मास्तर, पण मंग बैलाले वैरण कोनं टाकली?”

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मान वर केली. “विचार. पुन्हा विचार.”

“वैरण म्हंजे वैरण नाही, येडे,” विनोदिनी मध्येच म्हणाली. ती वरल्या आळीची; दसऱ्यापासून खालच्या आळीच्या मुलीशी पहिल्यांदा बोलत होती, तेही टोमण्यात. “वैरण म्हंजे भाषेची माया. बैल मायेचा भुकेला हाय.”

चारुशीला खाली बसली.

मास्तरांनी पुन्हा पाण्याचा तांब्या उचलला. “आणि बैल शेवटी कुठं जाईल?”

हाच प्रश्न तिला हवा होता. “कुठंच नाही. धुऱ्यावरच थांबन. त्याले दोघंबी सारखेच.”

“शाबास,” मास्तर म्हणाले. “मी शिकवलं त्यातलं काही वाया गेलं नाही.”

विनोदिनी उड्या मारत घरी आली. “आई, मास्तर राह्यतात. गोष्टीतून सांगतलं त्यायनं.”

“राह्यतात तर राह्यतात,” कौशल्याबाई म्हणाल्या. “आपल्याले काय करायचं?”

दोन दिवसांनी शाळेला कुलूप दिसलं. मास्तर पहाटेच पैनगंगा उतरून पलीकडं गेले होते. वरल्या आळीनं छाती फुगवली, मराठी माणूस मराठी राज्यात गेला. खालची आळी म्हणाली, तिकडं पगार बरा असन. दिवाळी सरताच यशवंतरावांनी मुलगा पाहिला, बोथ गावचा, शेतीवाला.

विनोदिनी शाळेच्या पायरीवर बसून ती गोष्ट उलगडत राहिली. भाऊ बरोबर, धुरा बरोबर. मग चुकलं कुठं?

घागर घेऊन चारुशीला समोरून आली आणि थांबली. “लगन ठरलं म्हणे तुहं.”

“हो.” विनोदिनीनं नजर चुकवली. “त्या दिवशी वर्गात तुले येडी म्हणली मी. मनावर घेऊ नको.”

“नाही घेतलं.”

“मास्तरनं जाताना सांगतलंबी नाही. तुमच्या आळीनं वाटेसाठी शिदोरी तरी बांधून देली का? दसऱ्यापासून तुमच्याकडंच जेवत होते न ते.”

चारुशीलानं घागर खाली ठेवली.

“आमच्याकडं?” ती म्हणाली. “आमी तर समजून राह्यलो होतो, तुमच्याकडं जेवतात.”