अठरा सह्या

अंगठा काढला तरी पोटरीवरचा खळगा भरून आला नाही. तिनं पुन्हा दाबलं, या वेळी जरा खाली, आणि टेबलावर आडवे झालेले ड्रायव्हरकाका कळवळले.

"अगं हळू! चाळीस वर्षं बस चालवली, पण ब्रेकसुद्धा इतक्या जोरात दाबला नाही कधी."

एरवी ती हसली असती. आज तिनं टेप आणली. डावी पोटरी चौतीस, उजवी साडेसदतीस. परवापर्यंत दोन्ही जवळपास सारख्या होत्या. उजवी हाताला गरमही लागत होती, आणि काकांचा गुडघा बदलून जेमतेम दहा दिवस झाले होते. पायात रक्ताची गुठळी झाली असेल आणि वरून मालिश केली, तर ती सुटून थेट छातीत जाऊ शकते, हे तिला ठाऊक होतं.

पण आजाराचं नाव तिनं तोंडातून काढायचं नाही. ती मदतनीस. दाराशेजारी फ्रेम करून लावलेल्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, तपासणी, निदान आणि उपचारातला बदल हे काम फक्त परवानाधारक फिजिओथेरपिस्टचं. मदतनिसानं ठरवून दिलेलं करून घ्यायचं, आणि शंका आली तर थांबून कळवायचं. नियमात खोट नव्हती. तो ज्यांच्यासाठी होता त्या मॅडम तेवढ्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लिनिकमध्ये बसल्या होत्या.

तिनं फोन लावला.

"मॅडम, काकांची उजवी पोटरी साडेतीन सेंटीमीटरनं जास्त भरतेय. गरम आहे. दुखतेयही."

"ऑपरेशननंतर सूज येतेच. आराखड्यात काय लिहिलंय?"

"पोटरीला मालिश. मग गुडघा वाकवायचा."

"मग तेच कर."

"तुम्ही येऊन एकदा बघता का?"

"इथे आठजण खोळंबलेत. आणि हे बघ, आराखडा बदलायचा अधिकार तुला नाही. कायदा माहीत आहे ना?"

फोन ठेवला गेला. तिनं काकांची फाइल उघडली. पहिलं पान तपासणीचं, दुसरं आराखड्याचं. 'पोटरीला मालिश, दहा मिनिटं.' खाली मॅडमची लफ्फेदार सही. वरचं अक्षर मात्र तिचं स्वतःचं.

मॅडमनी काकांना आजवर पाहिलेलंच नव्हतं. दर सोमवारी त्या यायच्या, वीस कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकायच्या, वरच्या खणात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तू भरशील ना? तुला काय, आता डोळे मिटून येतं." काकांचा फॉर्म तिनं तसाच भरला होता, आधीच्या गुडघेवाल्या आजींचा समोर ठेवून, मालिशीसकट.

तळपायाची आग मस्तकाला गेली. उंटावरून शेळ्या हाकायच्या यांनी! तपासायचं तिनं, ठरवायचं तिनं, लिहायचं तिनं, तेव्हा कायदा कुणाला आठवत नव्हता. चूक खोडायची वेळ आली, तेव्हा नेमका आठवला. आणि 'डोळे मिटून येतं' हे तिला इतके दिवस कौतुक वाटत होतं, याचा तर तिला जास्तच राग आला.

"ताई, सुरू करायचं ना?" बाहेर बसलेल्या काकांच्या सुनेनं आत डोकावून विचारलं. "मला एक वाजता कामावर पोचायचंय."

"नाही. मी आज पायाला हात लावणार नाही. यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या. चालवू नका, चाकाच्या खुर्चीतून न्या."

"मॅडमना विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"मालिश कर म्हणाल्या."

सुनेनं काकांची चप्पल पिशवीत टाकली.

"म्हणजे गाडी डेपोत जमा करायची म्हणतेस," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"हो काका. आणि रस्त्यात कुठेही थांबायचं नाही."

तिनं साधा कागद घेतला. दोन्ही पोटऱ्यांची मापं लिहिली, तारीख, वेळ. 'मालिश केलेली नाही. लगेच तपासावं.' पेन क्षणभर थांबलं. मग तिनं आणखी लिहिलं, 'पहिली तपासणी आणि आराखडा माझाच आहे. मला तो अधिकार नव्हता.' खाली पूर्ण नाव, त्याखाली 'मदतनीस', आणि सही. पहिल्यांदाच या क्लिनिकच्या कागदावर तिची सही पडत होती.

मग तिनं वरचा खण उघडला. या सोमवारच्या वीस फॉर्मपैकी दोनच वापरून झाले होते. लिफाफा बंद केला तेव्हा तो चांगलाच फुगला होता. तो सुनेच्या हातात देऊन तिनं बजावलं, "हा तिथल्या डॉक्टरांच्याच हातात द्या."

खुर्ची ढकलत तिनं दोघांना टॅक्सीपर्यंत सोडलं. ती परत येऊन टेबलावरची चादर बदलते न बदलते तोच फोन वाजला.

"त्यांच्या सुनेनं टॅक्सीतून फोन केला होता मला!" मॅडमचा आवाज फोनबाहेर येत होता. "माझा पेशंट कुणाच्या सहीनं पाठवलास?"

"माझ्या."

"तुझ्या? तुझ्या सहीला कोण विचारतं?"

"कुणीच नाही, मॅडम," ती म्हणाली. "म्हणून सोबत तुमच्या अठरा जोडल्यात."