निहातच्या खोलीतला पाहुणा

दार उघडताच साब्रियेला आधी पिशवी दिसली. खाकी कापडाची, तोंड दोरीने आवळलेली. ती छातीशी धरून एक सडपातळ पोरगा पायरीवर उभा होता. डोळे जागरणाने तांबारलेले.

"मावशी, मी..."

"माहितीये, माहितीये. अंकाराच्या बसने आलास ना? दारात उभं राहून बोलायचं नाही. आत ये." ती वळून ओरडली, "अहो, ऐकलंत का? मावशी म्हणाला मला! बेद्री मास्तरांनी शिकवून पाठवलेलं दिसतंय."

जुन्या लाकडी घरांचा अभ्यास करायला युगोस्लाव्हियाचा एक विद्यार्थी अमास्यात येणार होता. मंगळवारच्या बसने येईल, असं मास्तर सांगून गेले होते. त्याला राहायला घर हवं होतं. रिकाम्या खोल्या गल्लीत आणखीही होत्या, पण साब्रियेने मास्तरांना दुसऱ्या दारी जाऊच दिलं नाही. तिचा निहात मालवाहू जहाजावर होता. जहाज बंदराला लागलं की कोपऱ्यावरच्या वाण्याकडे त्याचा फोन यायचा. यंदा सफरचंदं उतरली तरी तो आला नव्हता.

"मी परक्याच्या लेकराला जेवू घालीन," ती नवऱ्याला म्हणाली होती. "म्हणजे माझ्या लेकराला कुठेतरी कुणीतरी घालेल."

रिफ्की शिंपी होता. सुईत दोरा ओवता ओवता तो एवढंच म्हणाला होता, "घाल."

तिने पाहुण्यापुढे निहातच्या सपाता ठेवल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, पण पाय घातले नाहीत. मोज्यांवरच तो गार जमिनीवरून आत आला.

"त्यांच्याकडे पद्धत नसेल," रिफ्की म्हणाला आणि पाहुण्याच्या स्वागताचं लिंबाचं कोलोन त्याच्या ओंजळीत ओतलं.

मग सूप आलं. त्यामागून मांस घालून घोटलेले गहू, द्राक्षाच्या पानांत बाकल्याचे, म्हणजे घेवड्यासारखे, दाणे गुंडाळून केलेले डोल्मे. पाहुणा चमचा खाली ठेवून बोलायला तोंड उघडायचा आणि साब्रिये ताटलीत आणखी वाढायची.

"आधी खा. बोलायला आयुष्य पडलंय."

पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचं नाही, ही तिच्या सासरची रीत. कोण, कुठला, कशासाठी आला, ते त्याच्या मनात येईल तेव्हा तो सांगेल. तिने नावही विचारलं नाही. बाळा म्हणायची.

संध्याकाळी शेजारची शुक्रान चीज भरलेल्या खाऱ्या बोरेकची ताटली घेऊन पाहुणा बघायला आली.

"मला वाटलं सोनेरी केस असतील," ती त्याच्या तोंडावरच म्हणाली. "हा तर आपल्या वाण्याच्या भाच्यासारखा दिसतो की गं."

"हळू बोल."

"त्याला काय कळतंय?" शुक्रान त्याच्याकडे वळली आणि बहिऱ्याशी बोलावं तशी एकेक शब्द तोडून ओरडली, "चहा! अजून! हवा?"

पाहुण्याने रिकाम्या ग्लासवर चमचा आडवा ठेवला.

"अगं बाई! आता पुरे म्हणायची आपली खूणसुद्धा येते याला! मास्तरांनी अगदी तयार करून पाठवलाय."

तिघंही हसले. पाहुणा हसला नाही.

सकाळी साब्रिये खोलीत गेली तर निहातच्या पलंगावरची चादर मोडलेली नव्हती. पाहुणा खाली सतरंजीवर पिशवी उशाला घेऊन निजला होता.

"कपडे दे, धुऊन टाकते," असं म्हणत नंतर तिने पिशवीला हात लावला. त्याने ती दोन्ही हातांनी ओढून घेतली. त्याचा चेहरा असा झाला की तिने मुकाट्याने सोडून दिली.

"पासपोर्ट असेल आत," रिफ्की म्हणाला. "परक्या मुलखात माणूस जपतोच."

त्या दिवशी पाहुण्याने न सांगता मागच्या अंगणातली सगळी लाकडं फोडून रचून ठेवली. जेवला मात्र चार घास.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिफ्की मशिदीत गेला होता. साब्रिये हिवाळ्यासाठी वाळवायच्या भेंड्या दोऱ्यात ओवत बसली होती. भिंतीवर निहातचा फोटो होता. पाहुणा बरोबर त्याच्याकडे पाठ करून बसायचा.

"तुला समजत नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "ह्यांना सांगितलं तर रात्रभर झोपायचे नाहीत. जहाजावर वारा फार म्हणून गेल्या हिवाळ्यात त्याला हिरवा स्वेटर विणला. एक बाही बोटभर लांब झाली. उसवते म्हटलं तर पोरगा देईना. म्हणाला, राहू दे आई, थंडीत मूठ आत घेता येईल." तिने दोऱ्याला गाठ मारली. "फोन वाजला नाही की मला ती बाहीच दिसते बघ."

पाहुणा उठून खिडकीशी गेला. खाली नदीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

रिफ्की आल्यावर तिने सांगितलं, "भाषा कळत नाही, पण आईचं बोलणं कळतं हो पोराला."

शुक्रवारी नमाजानंतर दार वाजलं. बेद्री मास्तर होते. मागे पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेला, उन्हाने लाल झालेला एक उंच पोरगा.

"साब्रियेताई, माफ करा. हा पठ्ठ्या चुकीच्या बसमध्ये बसला आणि थेट एर्झुरुमला जाऊन उतरला. आज कुठे हाती लागला. हा दामिर. तुमचा पाहुणा."

"आमचा पाहुणा तर..." साब्रिये हसत म्हणाली आणि थांबली.

तिने वळून पाहिलं. पाहुणा खोलीच्या दारात उभा होता. रिफ्कीने हातातली कात्री खाली ठेवली.

तीन दिवस भरले होते. आता विचारायची मुभा होती. साब्रियेने विचारलं नाही.

तो पुढे आला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि पिशवीची दोरी सोडली. त्याने बाहेर काढलेल्या हिरव्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब होती.