नकाशावरचा ठिपका

कीटकशास्त्र शिकणाऱ्या नणंदेने ओट्यावर ठेवलेल्या गवतात अळ्या होत्या. पात्याच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहायचं, आतला गर खायचा, शीही तिथेच. बाहेरून फक्त पांढरा फोड. मी ओटा दिवसातून दोनदा पुसायचे. “वहिनी, यातून पतंग निघाला तर आपल्या भागातली या जातीची पहिलीच नोंद! नकाशावर माझा ठिपका पडेल,” ती म्हणायची. बाकीच्या मेल्या, उरलेली एकच आज कोष करायला बाहेर आली. नणंदेने ती बाळाच्या पाण्याच्या रिकाम्या पेल्यात टाकली. का, तर झाकणाला भोकं होती. बाळाने आपला पेला ओळखला, ओढला, चोखला. मी किंचाळून बाळाच्या तोंडात बोट घातलं. लाळेने बरबटलेली, वळवळणारी अळी बाहेर आली. मी बाळाची जीभ पुसत होते. नणंद अळीला पुसत होती. “नशीब वहिनी, बाळाला अजून दात नाहीत!” म्हणत तिने अळी पुन्हा त्याच पेल्यात ठेवली.