बाहेर गेलेलं पुस्तक

समीक्षकांनी अभिमननानांच्या जादूनगरीच्या कादंबरीला 'पोरखेळ' म्हणून केव्हाच निकालात काढलं होतं. पण सोनगीरच्या वाचनालयात नाना डोकावले की ग्रंथपाल चिंधाभाऊ हमखास म्हणायचे, "नाना, तुमनं पुस्तक आजबी बाहेर गयेल शे!" त्या एका वाक्यावर नाना वीस वर्षं गावात ताठ मानेनं फिरले.

यंदा नानांची बायको, सुंदरबाई, दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून पुस्तकही कपाटातून हललं नाही. एवढे वाचक एकाएकी गेले कुठे, म्हणून नानांनी वाचनालयाची नोंदवही मागून घेतली.



वाचकाच्या सहीच्या रकान्यात, पानामागून पान, फक्त सुंदरबाईचा अंगठा होता.