नाही म्हणणारी आई

सुनीतीने टॉवेलची गुंडाळी करून कांताबाईच्या हातात दिली.

“ही तुमची मुलगी. पाच दिवसांची, दूध पीत नाही. मी मितानिन. मी दवाखान्यात चला म्हणेन, तुम्ही नाही म्हणायचं,” तिने हिंदीत समजावलं.

छत्तीसगढमधल्या बीरगांवच्या शाळेतल्या त्या वर्गात बावीस बाया सतरंजीवर बसल्या होत्या. सगळ्या आसपासच्या वस्त्यांमधल्या. घरोघर जाऊन बाळंतिणींची, लेकरांची खबर घ्यायची, वेळेवर दवाखान्यात पोचवायचं, हे मितानिनचं काम शिकायला आलेल्या. सुनीती पुरानी बस्तीतल्या मराठी घरातली, वीस वर्षं नर्स. नाही म्हणणाऱ्या आईचं मन कसं वळवायचं, हा आजचा धडा होता.

कांताबाईने गुंडाळीच्या मानेखाली हात धरला. बाया हसल्या.

“बच्ची को अस्पताल ले चलो,” सुनीती म्हणाली.

“नहीं जाती.”

“क्यों?”

“आदमी उरला की फैक्ट्री में ड्यूटी पे है. घर में दो छोटे हैं. किसके पास छोड़ूँ?”

“पड़ोस में छोड़ दो.”

“नये आये हैं. पड़ोस में किसी को नहीं जानती.”

छान करते आहे, असं सुनीतीच्या मनात आलं. मग तिने सगळं क्रमाने सांगितलं. गाडी फुकट येते, औषध फुकट मिळतं, एवढ्या लहान जिवाला उशीर चालत नाही. कांताबाई गुंडाळीकडे बघत राहिली.

“कुछ तो बोलो, कांताबाई.”

“माह्या घरी आलेल्या मितानिननंही मले असंच समजवलं होतं,” कांताबाई मराठीत म्हणाली. “चांगली होती बाई. तासभर बसली. मले काय समजत नव्हतं? सारं समजत होतं.”

कांताबाईशिवाय वर्गात मराठी कळणारी एकटी सुनीतीच होती. बाकीच्या अजून हसत होत्या.

“मग?”

“मंग ती गेली. तिले दुसरे घरं होते. सांजेले हे ड्युटीवरून आले, तवा निघालो. रस्त्यातच गेली पोट्टी.”

सुनीती खाली तिच्यासमोर बसली. वीस वर्षांत तिने अशा आयांना पुष्कळ रागावलं होतं. इतका उशीर काहून केला, हेच तिचं पहिलं वाक्य असायचं.

“काय करायला पाहिजे होतं तिनं?” तिने हळूच विचारलं.

“काही नाही. थे दोघं पोट्टे आपल्यापाशी ठेवून घ्याचे होते. सांजेपर्यंत.”

“का कहत हे, दीदी?” पुढे बसलेल्या लताने छत्तीसगढीत विचारलं.

सुनीतीने तिला फक्त शेवटचं तेवढं हिंदीत सांगितलं. पोरीचं सांगितलं नाही. तरी हसणं थांबलं. मागून कोणीतरी “हव” म्हणत होकार दिला.

कांताबाईने गुंडाळी शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. आता मितानिन व्हायची पाळी लताची होती. ती त्या बाईसमोर येऊन बसली.

“मैं नहीं जाऊँगी,” ती बाई म्हणाली. “घर में दो बच्चे हैं.”

लताने जरा विचार केला, मग पुढे सरकून तिने घरातल्या लेकरांबद्दल विचारलं,

“दूनों लइका के का नाव हे?”